आकडी आधी, लोह नंतर

रक्ताचा रिपोर्ट म्हणतो, मुलीच्या अंगात लोह कमी आहे. मेंदूचा एमआरआय म्हणतो, तिच्या मेंदूत लोह साठलं आहे. एकाच मुलीच्या फायलीत हे दोन कागद शेजारीशेजारी असू शकतात आणि दोन्ही खरे असू शकतात. या कोड्याचा माग काढायला वैद्यकशास्त्राला १९२२ ते २०१२ अशी नव्वद वर्षं लागली. पुरतं उत्तर अजून हाती आलेलं नाही. पण जेवढं आलंय तेवढं सह्याद्रीतल्या एखाद्या वाडीवरच्या आईला ठाऊक असायला हवं, कारण रोजचे निर्णय तिलाच घ्यावे लागतात. अंगणवाडीतून आलेलं लोहाचं सिरप पाजायचं की नाही? लोखंडी तवा ठेवायचा की माळ्यावर टाकायचा? एमआरआय ‘नॉर्मल’ आला, आता आणखी तपास कशाला?

आजाराचं नाव बीपॅन. बीटा-प्रोपेलर प्रोटीन असोसिएटेड न्यूरोडीजनरेशन या लांबलचक नावाचं हे आखूड रूप. मेंदूत लोह साठण्याच्या आजारांचा जो गट आहे त्याला एनबीआयए म्हणतात, आणि बीपॅन त्यातलाच एक. आजार अतिशय दुर्मीळ, रुग्णांत बहुतेक मुली. मूल उशिरा बसतं, उशिरा आणि पाय फाकवून चालतं, शब्द दोन-चार येतात किंवा येतच नाहीत. झोप मोडकी असते. आणि मग कधी तापात, कधी ताप नसताना झटके सुरू होतात.

भोर-वेल्ह्याकडे कुणी त्याला आकडी म्हणतं, कुणी फेफरं, कुणी मिरगी. शाळेत जाणारी पोरं ‘फीट’ म्हणतात. झटका आला की घरात धावपळ उडते. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी चप्पल हुंगवतं, आणि कुणीतरी हमखास लोखंड शोधतं. किल्ल्यांचा जुडगा, विळा, दाराची कडी, हाताला लागेल ते आवळलेल्या मुठीत कोंबायचं. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, आणि श्रेय लोखंडाला जातं. खरं काम एवढंच असतं: मुलीला कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, आणि घड्याळाकडे बघायचं. पाच मिनिटं उलटूनही झटका थांबला नाही तर वाट न बघता १०८ ला फोन करायचा, आणि डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडॅझोलामचा स्प्रे आधीच लिहून दिला असेल तर तो वापरायचा. तोरण्यापलीकडच्या वाड्यांवरून गाडीरस्त्याला यायचं, तिथून वेल्हे, मग नसरापूर, चेलाडी फाट्यावरून हायवे आणि कात्रजमार्गे पुणे. पावसाळ्यात या प्रवासाला किती वेळ लागेल हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून घरातल्यांना ही पाच मिनिटं माहीत असणं महत्त्वाचं.

तर लोह. एमआरआयच्या कागदावर हा शब्द वाचला की घरातल्या माणसाला पहिला संशय येतो तो खाण्यापिण्याचा. काय खाल्लं, कशात शिजवलं, कुठलं पाणी प्यायलं? हा संशय अडाणीपणाचा मुळीच नाही. एका धातूच्या बाबतीत तो अगदी खरा ठरला आहे, आणि तोही पुण्यातच.

सहा महिने ते पाच वर्षांच्या, त्यातही एक ते तीन वर्षांच्या बाळांचं यकृत दगडासारखं कडक होत जायचं, पोट फुगायचं, कावीळ व्हायची आणि काही महिन्यांत मूल हातचं जायचं. हा आजार फक्त भारतातच दिसतो असं मानलं जाई, म्हणून पुस्तकांतही त्याचं नाव ‘इंडियन चाइल्डहुड सिरॉसिस’. कोलकात्याच्या एका डॉक्टरांनी १८८७ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. त्यानंतर नव्वदेक वर्षं कारण सापडलं नाही. एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन मुलं जात, तेव्हा लोक कधी आनुवंशिकतेला दोष देत, कधी आईच्या दुधाला, कधी नशिबाला.

पुण्यात रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे हे बालरोगतज्ज्ञ अशी मुलं बघत होते. इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर त्यांच्याबरोबर कामाला लागले. १९७९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये टॅनर, पंडित आणि सहकाऱ्यांचा निबंध आला: या मुलांच्या यकृतात तांबं प्रमाणाबाहेर भरलेलं आहे. मग प्रश्न पडला की एवढ्याशा बाळाच्या पोटात तांबं गेलं कुठून? उत्तर स्वयंपाकघरात होतं. ज्या घरांत बाळाला लवकर वरचं दूध सुरू झालं आणि ते दूध पितळी पातेल्यात तापवून तिथेच ठेवलं गेलं, त्या घरांकडे बोट जात होतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. दुधातलं केसीन हे प्रथिन भांड्यातलं तांबं ओढून घेतं. भांड्याला आतून चांगली कल्हई असेल तर कथलाचा थर मध्ये येतो आणि तांबं दुधात उतरत नाही. भाता फुंकणारा, नवसागराचा पांढरा धूर काढत कापसाच्या बोळ्याने तापल्या भांड्यात कथील फिरवणारा कल्हईवाला पिढ्यान्‌पिढ्या दारात येत होता. त्याच्या कामावर बाळाचं यकृत अवलंबून आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. १९८३ मध्ये पितळी भांड्यातल्या दुधाबद्दलचा हा निबंधही ‘लॅन्सेट’मध्येच आला. पुढे याच चमूने पेनिसिलमाइन हे औषध देऊन वेळेत आलेली काही मुलं वाचवली आणि पितळेत दूध ठेवू नका हे घराघरांत सांगितलं. स्टीलची भांडी आली, पितळ देवघरात आणि माळ्यावर गेलं. आज एमडी करणाऱ्या बालरोगतज्ज्ञाला हा आजार बहुधा पुस्तकातच भेटतो. काही वर्षांनी ऑस्ट्रियातल्या टिरोलमधूनही हीच गोष्ट पुढे आली: कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांतल्या दुधामुळे १९०० ते १९७४ या काळात तिथली १३८ बाळं दगावली होती. आजार भारतीय नव्हताच, भांड्यांचा होता.

माझ्या मते महाराष्ट्रात झालेल्या वैद्यकीय शोधांत याची जागा फार वरची आहे आणि शाळेच्या पुस्तकात तो असायला हवा. पण इथे तो सांगायचं कारण वेगळं. तांब्याच्या बाबतीत धातू बाहेरून आला होता; भांडं बदललं की काम फत्ते. मेंदूतल्या लोहाच्या बाबतीतही संशोधक आधी असाच कुणीतरी ‘बाहेरचा’ शोधत होते. लोह साठलंय तर लोहच गुन्हेगार, ते काढलं की आजार बरा, हा विचार कितीतरी वर्षं टिकला. प्रत्यक्षात गोष्ट जवळजवळ उलटी निघाली.

सुरुवात जर्मनीत झाली. १९२२ मध्ये युलियस हालरफोर्डेन आणि ह्यूगो श्पात्झ यांनी एका घरातल्या पाच बहिणींचा आजार नोंदवला. अंग ताठत जाणं, वाकडं होणं, बोलणं जाणं, बुद्धी मंदावणं. मृत्यूनंतर मेंदू कापून पाहिला तेव्हा खोल भागातल्या दोन जागा, ग्लोबस पॅलिडस आणि सबस्टँशिया नायग्रा, गंजासारख्या तांबूस तपकिरी दिसल्या. मेंदूच्या कापावर पोटॅशियम फेरोसायनाइड घातलं की लोह असेल तिथे गडद निळा रंग उमटतो; ही पद्धत १८६७ मध्ये माक्स पेर्ल्स यांनी दिली होती. या दोन जागा अशा निळ्याभोर झाल्या. निरोगी माणसाच्या मेंदूतही याच जागी सगळ्यात जास्त लोह असतं, हे श्पात्झ यांनीच दाखवलं होतं. या बहिणींत ते बेसुमार होतं.

पुढची अनेक दशकं आजाराला या दोघांचं नाव होतं. ते नाव आज वापरत नाहीत आणि वापरूही नये. नाझी राजवटीत मतिमंद आणि मानसिक रुग्णांना पद्धतशीर ठार मारण्यात आलं, त्यात मुलंही होती. बर्लिनजवळच्या बूख इथल्या मेंदू-संशोधन संस्थेत श्पात्झ संचालक होते आणि हालरफोर्डेन तिथेच काम करत. मारल्या गेलेल्यांचे मेंदू तपासायला तिथे आणले जात. १९४५ मध्ये अमेरिकन सैन्यातले डॉक्टर लिओ अलेक्झांडर चौकशीला गेले तेव्हा असे शेकडो मेंदू घेतल्याचं हालरफोर्डेन यांनी स्वतः सांगितलं. ज्या मुलांना आकडी येते, ज्यांना बोलता येत नाही, तशीच मुलं त्या मारल्या गेलेल्यांत होती. त्यांच्या आजाराला त्या माणसाचं नाव राहणं हा अन्याय होता. अमेरिकेत पॅट्रिशिया वुड या आईने १९९६ मध्ये या आजाराच्या कुटुंबांची संघटना उभी केली. पुढे संघटनेनेही नाव बदललं, शास्त्रज्ञांनीही बदललं, आणि एनबीआयए हे नाव रुळलं.

जिवंत माणसाच्या मेंदूतलं लोह बघायची सोय एमआरआयमुळे झाली. लोह असलेली जागा त्यातल्या एका प्रकारच्या चित्रात काळी दिसते. १९८८ मध्ये काही रुग्णांच्या चित्रांत काळ्या पट्ट्याच्या मधोमध पांढरा ठिपका दिसला. त्याला ‘वाघाचा डोळा’ म्हणू लागले. मग अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या विद्यापीठात डॉ. सुसान हेफ्लिक यांनी या आजाराचे रुग्ण, त्यांची चित्रं, त्यांच्या रक्तातला डीएनए असं सगळं जगभरातून गोळा करायला सुरुवात केली. २००१ मध्ये हेफ्लिक आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या जेन गिट्शियर यांच्या चमूला पहिलं जनुक सापडलं, पँक-२. ‘ब-५’ जीवनसत्त्वापासून कोएन्झाइम-ए बनवण्याच्या कामातलं हे जनुक. लोहाशी त्याचा थेट संबंध काहीच नाही! २००६ मध्ये दुसरं सापडलं, ते पेशीच्या पडद्यातल्या मेदाशी निगडित. तिथेही लोह कुठे नव्हतं. लोह साठण्याच्या आजारांची जनुकं एकामागून एक सापडत होती आणि त्यांतली बहुतेक लोहाबद्दल बोलतच नव्हती. मला या साऱ्या शोधातला हा सगळ्यात विलक्षण भाग वाटतो. गुन्हा लोहाचा असेल तर ठसे दुसऱ्याचेच का?

आता पोर्टलंडच्या कपाटात एक गठ्ठा उरला होता. मेंदूत लोह आहे, पण माहीत असलेलं एकही जनुक बिघडलेलं नाही, असे रुग्ण. त्यांच्या फायली वाचताना काहींचा इतिहास सारखा निघाला. वयाच्या पंचविशीच्या आसपास एकाएकी चाल मंदावली, अंग ताठलं, हात थरथरू लागले, स्मृती ढासळली. पार्किन्सनसारखं सगळं, पण एवढ्या तरुण वयात. पुन्हा मागे जाऊन विचारलं तर प्रत्येक ठिकाणी तेच उत्तर: ती लहानपणापासून तशीच होती. बोलली नाही. झटके यायचे. मोठी झाल्यावर झटके कमी झाले. बरीच वर्षं ठीक चाललं होतं.

हे इतका काळ कुणाला का दिसलं नाही, याचं कारण दवाखान्याच्या रचनेत आहे. मूल आठ वर्षांचं असताना बालरोगतज्ज्ञ बघतात. त्यांना मतिमंदत्व आणि अपस्मार दिसतो, एमआरआय जवळजवळ साफ असतो, फाईल बंद होते. तीच मुलगी २६ व्या वर्षी मोठ्यांच्या न्यूरॉलॉजिस्टकडे जाते. त्यांना पार्किन्सन दिसतो, मेंदूत लोह दिसतं. लहानपणच्या आकड्या हा जुना, वेगळा विषय वाटतो. एकाच आजाराचे दोन तुकडे दोन खोल्यांत पडून होते, आणि दोन्ही खोल्यांतले डॉक्टर आपापल्या जागी बरोबर होते. हे तुकडे जोडले गेले तेव्हा त्याला नाव मिळालं ‘सेंडा’: बालपणी स्थिर राहिलेला, तरुणपणी ढासळणारा मेंदूविकार. जनुकाचा पत्ता तोवरही नव्हता. पण एकसारख्या रुग्णांची यादी तयार होती, आणि कुठल्याही जनुकाच्या शोधात हेच अर्धं काम असतं.

उरलेलं अर्धं एक्सोम तपासणीने केलं. माणसाची वीसेक हजार जनुकं. त्यांतला प्रथिनं घडवणारा भाग एका झटक्यात वाचून काढायचा. म्युनिकमध्ये टोबियास हाक, होल्गर प्रोकिश आणि सहकाऱ्यांनी पोर्टलंडच्या चमूबरोबर हे केलं. २०१२ च्या शेवटी निष्कर्ष प्रसिद्ध झाला: एक्स गुणसूत्रावरचं डब्ल्यूडीआर-४५ हे जनुक. त्याच सुमारास जपानमध्ये योकोहामाला हिरोतोमो साइत्सू आणि नाओमिची मात्सुमोतो यांचा चमू ‘सेंडा’चेच पाच रुग्ण घेऊन स्वतंत्रपणे त्याच जनुकापाशी पोचला, त्यांचा निबंध काही महिन्यांतच आला. जगाच्या दोन टोकांवरून दोन गट एकाच दाराशी यावेत, याहून भक्कम पुरावा विज्ञानात क्वचित मिळतो. २०१३ मध्ये हेफ्लिक यांनी अशा २३ रुग्णांचा सविस्तर आढावा मांडला. त्यांत २० स्त्रिया होत्या.

जनुक सापडलं तसा एका आरोपाचाही निकाल लागला. जवळजवळ सगळ्या मुलींत हा बदल नव्याने झालेला होता. आईत नाही, बापात नाही. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या पेशींत किंवा बीजपेशीत घडलेली चूक. मुलीला दोन एक्स गुणसूत्रं असतात आणि प्रत्येक पेशीत त्यातलं एक गप्प केलेलं असतं, म्हणून तिच्या काही पेशी धडधाकट राहतात आणि ती जगते. मुलग्याला एकच एक्स. जे मुलगे जगतात त्यांच्यात बहुधा काही पेशींतच बदल असतो. आपल्याकडे मूल असं निघालं की बोट सुनेच्या माहेराकडे जातं, ग्रहणात काय चिरलं, कुठलं सुतक पाळलं नाही हे उकरलं जातं. आईबापांचं रक्त तपासून त्यात तो बदल नाही असा कागद हाती आला, तर तो त्या आईच्या सासरी मोठ्याने वाचून दाखवावा. पुढच्या बाळाला हाच आजार होण्याची शक्यता अगदी कमी असते. ती शून्य धरत नाहीत, म्हणून पुढच्या बाळंतपणाआधी जनुकतज्ज्ञाशी बोलावं, एवढंच.

आता जनुकाचं काम. डब्ल्यूडीआर-४५ मुळे बनणारं प्रथिन सात पात्यांच्या चक्राच्या आकाराचं आहे. बीपॅनमधलं ‘प्रोपेलर’ ते हेच. पेशी आपल्यातली जुनी, खराब झालेली प्रथिनं एका पिशवीत गोळा करते आणि मोडून पुन्हा वापरते. या कामाला ऑटोफॅजी म्हणतात. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टच्या पेशींत त्याची जनुकं शोधली आणि २०१६ चं नोबेल त्यांना मिळालं. डब्ल्यूडीआर-४५ हे त्या यीस्टमधल्या एका जनुकाचं माणसातलं भावंड. साइत्सूंच्या निबंधात ऑटोफॅजीचे मोठे अभ्यासक नोबोरू मिझुशिमा सहलेखक होते. रुग्णांच्या पेशींत ही पिशवी अर्धवट बनून अडकते असं त्यांना दिसलं.

आणि इथे, अखेर, लोह येतं. पेशी लोह मोकळं ठेवत नाही, कारण मोकळं लोह पेशीला जाळतं. ते फेरिटिन नावाच्या पोकळ गोळ्यात बंद असतं. एका गोळ्यात साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. लोह हवं असलं की तो गोळा ऑटोफॅजीच्या पिशवीतून नेऊन फोडावा लागतो. हा गोळा तिथवर नेणारा वाटाड्या, एनसीओए-४ हे प्रथिन, २०१४ मध्ये सापडला. आता पिशवीच नीट बनत नसेल तर? बीपॅनच्या पेशींवर झालेल्या प्रयोगांतून जे चित्र दिसतं ते असं: कणगीत भात भरलेला आहे, पण कणगी उघडतच नाही. घरात शिजवायला दाणा नाही म्हणून घरधनी बाजारातून आणखी भात आणतो, आणि तोही कणगीतच जातो. पेशीला लोहाची टंचाई भासते, ती आणखी लोह ओढते, साठा वाढत जातो. या प्रत्येक पायरीचा माणसाच्या मेंदूतला पुरावा अजून पक्का नाही. संशोधक यावर काम करत आहेत. पण एवढं ठरलं की बिघाड लोहाच्या आधीचा आहे. लोह ही त्याची मागे राहिलेली खूण.

मग आकडी? इथे एक मोह फार जुना आहे. १९७८ मध्ये अमेरिकेत विलमोर आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूच्या पृष्ठभागात लोहाचा क्षार टोचला आणि त्यांना वारंवार झटके येऊ लागले. डोक्याला मार लागून रक्त सांडलं की पुढे अपस्मार का होतो, याचं एक उत्तर त्यातून मिळालं. बीपॅनमध्येही लोहामुळेच आकडी येत असेल असं म्हणणं सोपं होतं. पण वेळापत्रक जुळत नाही. झटके पहिल्या काही वर्षांत सुरू होतात, तेव्हा कित्येक मुलांच्या एमआरआयमध्ये लोह दिसतही नाही. लोह ठळक होत जातं आणि झटके किशोरवयात कमी होत जातात. म्हणजे दोन्ही एकाच बिघाडाची अपत्यं आहेत, आणि आकडी थोरली.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते, आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या शोधाचा गाभा तोच आहे. लोह दिसेपर्यंत थांबलं तर आजाराचं निदान कित्येक वर्षं उशिरा होतं. २०१४ नंतर जपानमधून आणि इतर देशांतून असे रुग्ण पुढे आले की ज्यांचा आजार आधी रेट सिंड्रोम किंवा वेस्ट सिंड्रोम हा दुसराच मेंदूविकार समजला गेला होता. हात सतत चोळणारी, न बोलणारी मुलगी. रेटचं जनुक तपासलं तर ते चांगलं. एक्सोम केल्यावर डब्ल्यूडीआर-४५. लोहाकडे बघून नव्हे, आकडी आणि अडलेलं बोलणं बघून ही निदानं झाली.

लोह काढून टाकण्याचा प्रयोगही झाला आहे, आणि त्यातल्या औषधाची वाट मुंबईवरून गेली. डेफेरिप्रोन हे तोंडाने घ्यायचं, शरीरातलं जादा लोह बांधून बाहेर काढणारं औषध इंग्लंडमध्ये जन्मलं. थॅलसेमियाच्या मुलांना सतत रक्त चढवावं लागतं, त्यातून लोह साचतं. अशा मुलांवर या गोळ्यांचा दीर्घ अभ्यास मुंबईचे रक्तविकारतज्ज्ञ डॉ. एम. बी. अगरवाल यांनी केला आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. सिप्लाने ‘केल्फर’ या नावाने ते बाजारात आणलं. या औषधाला पहिला परवाना भारतात मिळाला. डेफेरिप्रोन मेंदूतही शिरतं. म्हणून पँक-२ च्या आजारात ते वापरून पाहिलं गेलं: युरोप-अमेरिकेतले ८८ रुग्ण, १८ महिने, निष्कर्ष २०१९ मध्ये. मेंदूतलं लोह स्पष्टपणे उतरलं. रुग्णांचं ढासळणं थोडं मंदावल्यासारखं वाटलं, पण ठामपणे सांगण्याइतकं नाही. बीपॅनमध्ये या औषधाने फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही. इंटरनेटवर वाचून मुलीला हे औषध कुणी सुरू करू नये. त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात.

आशाताईला वाडीवरची आई विचारते, “ताई, मेंदूत लोह साठलंय म्हणत्यात, मग ही बाटली पाजू का नको?” तिला उत्तर द्यायला हवं. मेंदूतलं लोह सिरपातून आलेलं नाही. तव्यातून नाही, पालेभाजीतून नाही, नाचणीतून नाही. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या दर १०० मुलांपैकी जवळपास ६९ मुलं रक्तक्षयी होती, हे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने दाखवलं. बीपॅनची मुलगीही त्याच गावात, त्याच ताटात जेवते. तिचंही हिमोग्लोबिन कमी असू शकतं. लोह कमी असलेल्या मुलांना तापातली आकडी जास्त येते असं अनेक अभ्यासांत आढळलं आहे. तेव्हा स्वतःच्या मनाने लोह बंद करणं हे अशा मुलीचं दुहेरी नुकसान. लहान्यांचं सिरप, शाळेतली गुलाबी गोळी, पुढे निळी गोळी यांबाबत रक्त तपासून डॉक्टर सांगतील तसंच करावं.

भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात बसलेल्या तरुण डॉक्टरला बीपॅनचं निदान करता यावं अशी अपेक्षा कुणी धरू नये. पण शाळा-अंगणवाड्या तपासत फिरणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक त्याच्या तालुक्यात आहे. त्या पथकाला बोलणं न आलेली, झटके येणारी, झोप नसलेली, हात चोळणारी मुलगी भेटली, तर एमआरआय साफ आहे या एका कारणावरून तिला ‘मतिमंद’ या खान्यात टाकून पुढे जाऊ नये. पुण्याला पाठवताना चिठ्ठीवर ‘जनुकीय तपासणीसाठी’ हे दोन शब्द लिहिले तरी पुरे. थोड्याशा रक्तात एक्सोम होतो. निदान झालं म्हणजे आजार बरा होत नाही. बीपॅन बरा करणारं औषध आज नाही. लंडनमध्ये डॉ. मंजू कुरियन यांच्या चमूसह काही ठिकाणी पेशींवर औषधांची चाचपणी आणि जनुकोपचाराची तयारी चालू आहे. पण अपस्माराच्या गोळ्या नेमाने दिल्या, झोप सावरली, फिजिओथेरपी आणि चित्रं दाखवून बोलायची सवय लावली, तर मुलगी कितीतरी जास्त शिकते. देखभाल कशी करावी याचं तज्ज्ञांनी एकमताने ठरवलेलं मार्गदर्शन २०२१ मध्ये आलं आहे.

आणि तिची लहानपणीची फाईल जपून ठेवावी. झटके कधी सुरू झाले, कुठली गोळी लागू पडली, एमआरआय कोणत्या वर्षी काढला, जनुकाचा रिपोर्ट काय आला. बालरोगतज्ज्ञांकडून मोठ्यांच्या न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना ही फाईल सोबत हवी. विशी-पंचविशीत ती भांडी हातातून सोडू लागली, पाय ओढू लागली, तर हट्टीपणा किंवा आळस समजून घरचे रागावतात; ती अवस्था लेवोडोपा या औषधाने काही काळ सुधारते. बहुतेकींमध्ये त्या औषधाने लवकरच अंगाच्या नको त्या हालचाली सुरू होतात, म्हणून मात्रा कमीत कमीपासून आणि फार जपून वाढवावी लागते. ती ठरवणाऱ्या डॉक्टरला समोरची तरुणी पार्किन्सनची नसून बीपॅनची आहे, हे पहिल्याच भेटीत कळलं पाहिजे.